दप्तर शाबूत, दुभाषी बेपत्ता

जून आला की शाळेत दाखल्यांचा हंगाम सुरू होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी या महिन्यात माझ्या शाळेच्या कचेरीत चार-दोन चकरा होतातच. २०२३ च्या जूनमध्ये असाच गेलो, तर लेखनिकाने मला पाहताच कपाळाला हात लावला. "सर, घात झाला. तुमची सूची गेली."

शाळेत नवा संगणक आला होता. जुन्यावरचे सगळे नव्यावर चढवून द्यायला आलेला मुलगा "डेटा उडालेला दिसतोय" असे सांगून निघून गेला होता. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. तिचा अर्थ असा, की 'मायएसक्यूएल_कनेक्ट' नावाची क्रिया बोलावली जात आहे, पण अशी क्रिया अस्तित्वातच नाही.

ही सूची काय होती ते आधी सांगतो. २००६ साली आम्ही शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांची यादी संगणकावर घ्यायला सुरुवात केली. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, रजिस्टर क्रमांक, पान क्रमांक. दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या. माझा एक माजी विद्यार्थी तेव्हा अभियांत्रिकी शिकत होता, त्याने पीएचपी नावाच्या भाषेत शोधायची सोय करून दिली. नाव टाकले की रजिस्टर आणि पान समोर.

तेव्हा ही केवळ हौस होती. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला आणि खालची कपाटे पाण्याखाली गेली. रजिस्टरे वाळवली, पण पाने एकमेकांना चिकटली. एखादे पान पट्टी सरकवून सोडवताना शेजारचे फाटते. त्यामुळे तेव्हापासून नियम असा, की रजिस्टर चाळायचे नाही. सूचीत पान बघायचे आणि तेवढेच उघडायचे.

त्या दिवशी बाकावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. नातीच्या जात पडताळणीसाठी त्यांना स्वतःच्या प्रवेशाची नोंद हवी होती. साल १९५८. आपल्याकडे इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख आहे, त्यामुळे तिच्याआधीच्या शाळेच्या नोंदीला मोल फार. नोंद होती, पण नेमकी कुठल्या चिकटलेल्या गठ्ठ्यात, ते सांगणारी सूची तेवढी बंद होती.

मी विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, घाबरू नका. ती ओळ मला जशीच्या तशी वाचून दाखवा." वाचली. तो हसला. "डेटाबेस नसता तर 'अननोन डेटाबेस' असं म्हणाला असता. पासवर्ड चुकला असता तर 'ॲक्सेस डिनाइड' म्हणाला असता. यातलं काहीच तो म्हणत नाहीये. सर, तुमच्या नोंदींना अजून कुणी प्रश्न विचारलेलाच नाही. विचारणाराच गायब आहे."

आयुष्यभर मुलांना 'आधी प्रश्न नीट वाचा' असे सांगणाऱ्या मास्तराला यापेक्षा मोठी चपराक कुठली? असो.

आता मी पडलो इतिहास-मराठीचा मास्तर. मला ही गोष्ट माझ्या पद्धतीने लावून घ्यावी लागली. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, हे आपण सगळे शिकतो. त्याच्याबरोबर नारायण शेणवी नावाचा दुभाषी होता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहते. समजा, नारायण शेणवी आला नसता, तर? महाराज गडावर होते, इंग्रज वकील दारात होता, तहाची कलमे तयार होती. बोलणे तेवढे अडले असते.

संगणकातही असेच तिघे असतात. एक आज्ञावलीची भाषा, आमच्या बाबतीत पीएचपी. दुसरा डेटाबेस, म्हणजे नोंदींचे दप्तर, आमच्याकडे मायएसक्यूएल. ही दोन्ही स्वतंत्र घरे. मध्ये तिसरा लागतो, त्याला मॉड्यूल, ड्रायव्हर किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. तो नसला की भाषा धडधाकट, दप्तर शाबूत, आणि तरीही काम ठप्प. आमचा दुभाषी कुठे गेला, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जो इतिहास हाती लागला, तो सांगण्यासाठी हा लेख.

गोष्ट सुरू होते ऑस्ट्रेलियातल्या बाँड विद्यापीठात. १९९४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिड ह्यूज नावाच्या विद्यार्थ्याला आपल्या कामासाठी डेटाबेस हवा होता आणि मोठ्या कंपन्यांचे डेटाबेस परवडण्यासारखे नव्हते. त्याने छोटेखानी डेटाबेस स्वतःच लिहिला, त्याचे नाव मिनी एसक्यूएल, थोडक्यात एमएसक्यूएल. तिकडे मायकेल विडेनियस हा फिनलंडचा गृहस्थ आपल्या तक्त्यांना हा एमएसक्यूएल जोडायला गेला, पण तो त्याला पुरेसा वेगवान आणि लवचीक वाटला नाही. त्याने सोबत्यांसह नवा डेटाबेस उभारला, तोच मायएसक्यूएल. १९९५ सालची गोष्ट. यातले 'माय' हे त्याच्या मुलीचे नाव.

त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. बाहेरच्या आज्ञावलींनी डेटाबेसशी बोलायची रीत त्याने जवळजवळ एमएसक्यूएलसारखीच ठेवली. घर नवे, पण दाराचे माप शेजाऱ्याच्या दाराचेच. त्यामुळे एमएसक्यूएलसाठी लिहिलेले काम थोड्या फरकाने इकडे चालू लागले.

त्याच १९९५ साली रासमुस लेरडॉर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या माणसाने पीएचपी लोकांसाठी खुली केली. आपली माहिती देणारे पान कोण कोण बघते, हे मोजायला केलेली ती घरगुती हत्यारे होती. तिच्यात एमएसक्यूएलसाठी दुभाषी होता, पुढे मायएसक्यूएलसाठीही आला. दोघांच्या क्रियांची नावे इतकी सारखी, की इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका 'वाय'चा काय तो फरक. आमच्या पडद्यावरच्या त्या हरवलेल्या क्रियेचे कुळ हे असे ऑस्ट्रेलियापर्यंत जाते! १९९८ च्या जूनमध्ये अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांच्या पुढाकाराने पीएचपीची तिसरी आवृत्ती आली. दोन्ही वस्तू फुकट आणि शिकायला सोप्या, त्यामुळे जोडी चांगली जमली.

मग हा दुभाषी गेला का? एका रात्रीत गेला नाही. त्याच्या जाण्याला अकरा वर्षे लागली.

पहिला तडा परवान्याचा. मायएसक्यूएलच्या चौथ्या आवृत्तीपासून तिच्या जोडणीच्या ग्रंथालयाचा परवाना बदलून कडक झाला. पीएचपीचा परवाना वेगळ्या धाटणीचा, दोन्ही एकत्र बांधून वाटणे अडचणीचे झाले. पुढे कंपनीने सवलत दिली, पण जुलै २००४ मध्ये पीएचपी पाचवी आली ती हे ग्रंथालय सोबत न घेता. मायएसक्यूएलची जोडणी आपोआप चालू असायची, तीही बंद झाली. ज्याला हवी त्याने आपली आपण बसवावी. आमच्या कचेरीत उमटलेली ओळ तेव्हाच जगभर अनेकांच्या पडद्यांवर उमटू लागली होती. दोन संस्थांमधल्या कागदोपत्री भांडणात दुभाषी दाराबाहेर राहिला, असे म्हणता येईल.

दुसरे कारण अधिक खोल आहे. जुन्या दुभाष्याला फक्त अख्खे वाक्य पोचवता येई. म्हणजे आज्ञावलीने आपले वाक्य आणि लोकांनी भरलेले नाव चिकटवून एक सलग आज्ञा तयार करायची, दुभाष्याने ती जशीच्या तशी दप्तरात सांगायची. नाव अवतरणचिन्हांत घालायचे, म्हणजे कुठे सुरू झाले आणि कुठे संपले ते कळते. आता वसईकडची किंवा गोव्याची मंडळी डोळ्यांसमोर आणा. डि'सोझा! या आडनावाच्या पोटातच अवतरणासारखे चिन्ह आहे. दप्तराला वाटते, नाव 'डि'पाशीच संपले. पुढचे 'सोझा' म्हणजे नवी आज्ञा. गोंधळ.

बिचाऱ्या डि'सोझांमुळे गोंधळच होई, पण एखादा खट मनुष्य नावाच्या जागी मुद्दाम अशा रीतीने लिहू लागला की पुढचा मजकूर खरोखरच आज्ञा ठरेल, तर? नावाच्या चौकटीतून तो अख्खे दप्तर वाचू शकतो किंवा पुसूनही टाकू शकतो. १९९८ च्या डिसेंबरात 'फ्रॅक' या नियतकालिकात जेफ फॉरिस्टल याने ही पळवाट जाहीरपणे मांडली. पीएचपीवाल्यांनी आधी एक मलमपट्टी करून पाहिली. लोकांनी भरलेल्या मजकुरातल्या अवतरणचिन्हांआधी आपोआप एक तिरकी रेघ घालायची. ती कधी दोनदा पडे, कधी पडतच नसे. शेवटी मार्च २०१२ मध्ये ही सोयच काढून टाकली.

खरा उपाय वेगळा होता आणि तो शाळेच्या कारकुनाला तेव्हाही ठाऊक होता. आपला दाखल्याचा छापील नमुना घ्या. वाक्ये छापलेली, नावाची जागा रिकामी. त्या जागेत कुणी काहीही लिहिले तरी छापलेले वाक्य बदलत नाही. नव्या दुभाष्यांनी हेच केले. आधी रिकाम्या जागा ठेवलेला नमुना डेटाबेसकडे पाठवायचा, मागाहून नावे वेगळी पाठवायची. नाव ते नावच राहते, त्याची आज्ञा होत नाही. असा एक दुभाषी, मायएसक्यूएल-आय, पीएचपी पाचवीबरोबर २००४ मध्ये आला. दुसरा, पीडीओ, नोव्हेंबर २००५ मध्ये. पीडीओचे वैशिष्ट्य असे, की तो अनेक डेटाबेसांशी एकाच रीतीने बोलतो, प्रत्येकासाठी त्याच्या हाताखाली वेगळा मदतनीस असतो. कल्पना नवी नव्हती. पर्ल भाषेसाठी टिम बन्सने १९९४ पासूनच 'डीबीआय' नावाने हीच मांडणी उभी केली होती.

मधल्या काळात दप्तराचे मालकही बदलले. २००८ मध्ये मायएसक्यूएल सन कंपनीने घेतली आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. विडेनियसने २००९ मध्येच वेगळी चूल मांडून मारियाडीबी सुरू केली, हे धाकट्या मुलीचे नाव. पीएचपीवाल्यांनीही जून २००९ मध्ये स्वतःचे जोडणीचे ग्रंथालय आणून परवान्याची जुनी कटकट मिटवली. जून २०१३ मध्ये ५.५ आवृत्तीत जुना दुभाषी 'कालबाह्य' म्हणून जाहीर झाला. वापरला की इशारा येई. ३ डिसेंबर २०१५ रोजी सातवी आवृत्ती आली आणि तो कायमचा गेला.

म्हणजे बघा, आमची सूची २००६ ची. तेव्हा नवे दोन्ही दुभाषी आलेले होते! मी विद्यार्थ्याला हे विचारलेही. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, माझ्याकडच्या पुस्तकात जुनीच रीत होती. सगळे तसंच लिहायचे. आणि चालत होतं ना." यात त्याला दोष द्यायला मी धजावलो नाही. मी स्वतः किती वर्षे त्याच त्याच टिपणांवरून शिकवले ते मला ठाऊक आहे. त्यातून आमचा जुना संगणक कधी अद्ययावत झालाच नाही. त्यामुळे २०१३ चे इशारे आमच्यापर्यंत पोचले नाहीत आणि २०१५ चा निरोप-समारंभ २०२३ मध्ये आमच्या कचेरीत साजरा झाला.

आता दुरुस्तीचे. तीन वाटा होत्या. जुनी पीएचपी शोधून बसवायची, पण ५.६ या शेवटच्या पाचव्या पिढीच्या आवृत्तीची सुरक्षेची डागडुजीसुद्धा २०१८ अखेर थांबलेली. दुसरी वाट, जुन्या नावांचा मुखवटा चढवून आत नवा दुभाषी बसवायचा. तिसरी, जुन्या आज्ञा काढून नव्या लिहायच्या. विद्यार्थ्याने तिसरी निवडली. म्हणाला, "मुखवटा चढवला तर डि'सोझांचं दुखणं तसंच राहील." संध्याकाळी दुरून संगणकाचा ताबा घेऊन त्याने सव्वीस ठिकाणी बदल केले.

पान उघडले, तर पुन्हा ओळ! या वेळी मायएसक्यूएल-आय सापडत नाही म्हणे. मी खचलो. तो म्हणाला, "सर, ही वेगळी ओळ आहे, म्हणजे आपण पुढे सरकलोय." पीएचपीची एक मांडणीची फाइल असते. तिच्यात कुठले दुभाषी बोलवायचे त्यांची यादी असते, आणि ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असेल तर ती ओळ वगळली जाते. दुभाषी संगणकावर हजर होता, पण त्याच्या नावापुढे अर्धविराम होता. तो काढला आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. (हे पुन्हा सुरू करणे विसरून माणसे तासन् तास डोके धरून बसतात, असे तो म्हणाला.) जन्मभर विरामचिन्हे शिकवली, पण एका अर्धविरामाने अख्खी शाळा अडवलेली प्रथमच पाहिली.

आता नोंदी दिसल्या, पण मराठी नव्हे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मग एक चलनाचे चिन्ह, मग तिसरेच काही, असे ओळीच्या ओळी. लेखनिक म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" खरे तर ही आनंदाची खूण होती. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन तुकड्यांत साठवले जाते आणि पहिला तुकडा नेहमी तोच असतो. ते तुकडे युरोपीय 'लॅटिन-१' लिपी समजून वाचले की तो पहिला तुकडा दर वेळी रेघवाला 'ए' होऊन बाहेर पडतो. म्हणजे नोंदी होत्या, फक्त चुकीच्या लिपीत वाचल्या जात होत्या.

हे का झाले, त्यातही इतिहास आहे. मायएसक्यूएलला युनिकोड कळू लागले ते २००४ च्या ४.१ आवृत्तीपासून. तरीही वेगळे सांगितले नाही तर ती लॅटिन-१ च धरी, आणि कंपनी स्वीडनची असल्याने अकारविल्हेही स्वीडिश! २०१८ च्या आठव्या आवृत्तीत हे बदलले. आम्ही २००६ मध्ये काहीच सांगितले नव्हते. आमच्या गावची सगळी नावे इतकी वर्षे स्वीडिश म्हणून नांदत होती. जुना दुभाषी आत जाताना जी चूक करी तीच बाहेर येताना उलटी करी, म्हणून कधी कळले नाही. नवा दुभाषी नीट वाचू लागला आणि चूक उघडी पडली. विद्यार्थ्याने त्याला एकदा लॅटिन-१ समजून वाचायला लावले, सगळ्या नोंदी शुद्ध मराठीत बाहेर काढल्या आणि युनिकोडमध्ये पुन्हा भरल्या.

हे केवळ पीएचपीचे नाही. पायथन भाषेत 'मायएसक्यूएलडीबी' नावाचा दुभाषी होता. २००८ च्या डिसेंबरात पायथन तिसरी आली, तिच्यात तो गेलाच नाही. पुढे जपानच्या नाओकी इनादा यांनी त्याची नवी शाखा सांभाळली आणि लोकांची सोय झाली. पर्ल म्हणते 'अमुक फाइल सापडत नाही', जावा म्हणते 'योग्य ड्रायव्हर नाही'. शब्द निराळे, तक्रार एकच. अशा वेळी तीनच प्रश्न विचारायचे, असे मी वहीत लिहून ठेवले आहे. दुभाषी कधी बसवलाच नव्हता का? बसवलाय, पण दुसऱ्याच आवृत्तीच्या घरी आहे किंवा त्याला बोलावलेले नाही, असे तर नाही? की तो सेवानिवृत्त झालाय आणि त्याच्या जागी दुसरा नेमलाय? तिन्हींचे औषध वेगळे. आणि तिन्हींत दप्तराला हात लावायचा नसतो. आमच्या लेखनिकाने घाबरून 'उडालेला' डेटा पुसून नवी सूची करायला घेतली असती, तर मात्र खरोखरच उडाला असता.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ पुन्हा आले. नाव टाकले, रजिस्टर आणि पान मिळाले. शिपायाने पट्टी सरकवत तेवढे एकच पान सोडवले. शाई फुटली होती, पण वाचता येत होते. नाव, वडिलांचे नाव, जात, १९५८ ची तारीख. गृहस्थ बराच वेळ वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "अक्षर कुणाचं हो हे?" आम्हालाही सांगता आले नाही.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल आहेत. गो. स. सरदेसाईंनी १९३० च्या दशकात त्यातले वेचे पंचेचाळीस खंडांत छापले, तरी न वाचलेले केवढे तरी उरले. कागद शाबूत आहेत. शाळेतून मोडी गेली आणि वाचणारे कमी झाले. मोडी शिकवणे थांबले तेव्हा कुणी कागद जाळले नव्हते. तरी सामान्य माणसाच्या दृष्टीने ते मुके झालेच. इतिहास शिकवताना मी कागद जपण्याबद्दल पुष्कळ बोललो. वाचणारा जपण्याबद्दल फारसे बोललो नाही, हे आता कळते.

आम्ही आता तीन गोष्टी करतो. दर जूनच्या आधी, एप्रिलमध्ये, सूची एकदा चालवून इशारे वाचतो. सगळ्या नोंदींची एक साधी मजकुराची फाइल काढून ठेवतो, जिला कुठलाच दुभाषी लागत नाही. आणि एक छापील प्रत वरच्या कपाटात ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर कुठली भाषा, कुठला डेटाबेस, कुठला दुभाषी आणि कुठली लिपी, हे मी मराठीत लिहून खाली तारीख घातली आहे. पुढच्याला निदान कुणाला शोधायचे ते तरी कळेल.